कल्याणचा बिशप आणि कोकणाचा गाळलेला अध्याय

कोकणातल्या ख्रिस्ती धर्माचा इतिहास कुठून सुरू करायचा, याचे उत्तर आपल्याकडे जणू ठरून गेले आहे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई त्यांच्या हवाली केली, त्यांच्या जहाजांतून पाद्री उतरले आणि किनाऱ्यावर चर्च उभी राहिली. पर्यटनाच्या पुस्तिका असोत, सभांमधली भाषणे असोत, चर्चच्या वर्धापनदिनी निघणाऱ्या स्मरणिका असोत, सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते. यातले एकही वाक्य खोटे नाही. पण ही गोष्ट आपली पहिली हजार वर्षे वगळून सुरू होते. पोर्तुगीजांच्या सुमारे हजार वर्षे आधी, इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या मध्यावर, कल्याण बंदरात एक बिशप होता. त्याची नेमणूक इराणातून झालेली होती, आणि तो ज्या चर्चचा होता त्याच्या सर्वोच्च पदावर तेव्हा मार आबा हे संत होते. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरातही कल्याणच्या या बिशपची नोंद आहे. म्हणजे माहिती नवी नाही. ती मराठी माणसाच्या सर्वसाधारण इतिहासज्ञानात उतरलेली नाही, एवढेच. ती उतरायला हवी. ठाणे, कल्याण आणि नवी मुंबईच्या स्थानिक इतिहासात या बिशपला आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या संताला हक्काची जागा मिळायला हवी, असे मला वाटते. कारण त्यांच्यामुळे कोकणातल्या ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीची तारीखच बदलते असे नाही, त्या सुरुवातीचे स्वरूपही बदलते.

आधी पुरावा पाहू. अलेक्झांड्रियाचा एक ग्रीक भाषिक व्यापारी पुढे संसार सोडून मठात गेला आणि त्याने ‘ख्रिश्चन टोपोग्राफी’ नावाचा ग्रंथ लिहिला. हस्तलिखितांच्या परंपरेत त्याला कॉसमस इंडिकोप्लेउस्टस हे नाव मिळाले आहे. पृथ्वी गोल नाही आणि विश्वाची रचना मोशेने उभारलेल्या निवासमंडपासारखी आहे, हे पटवून देण्यासाठी त्याने हा सगळा खटाटोप केला. तो सिद्धान्त कोणी स्वीकारला नाही. मात्र त्या ओघात हिंदी महासागरातल्या व्यापाराविषयी त्याने जे लिहून ठेवले, त्याला आजही तोड नाही. श्रीलंकेत ख्रिस्ती मंडळी आणि त्यांचे धर्मगुरू आहेत, मिरी पिकते त्या माले प्रदेशात, म्हणजे मलबारात, ख्रिस्ती आहेत, आणि कल्याण नावाच्या ठिकाणी इराणातून नेमलेला बिशपही आहे, असे तो सांगतो. ग्रंथात पुढे तो पश्चिम किनाऱ्यावरची बंदरे क्रमाने देतो. आधी सिंधू, मग सौराष्ट्राकडचे ओर्होथा, मग कल्याण, मग सिबोर आणि त्यानंतर मिरी पाठवणारी माले प्रदेशातली पाच बंदरे. कल्याणहून तांबे किंवा पितळ, लाकडाचे ओंडके आणि कापड बाहेर जाते, हेही त्याने नोंदवले आहे.

यावरचा पहिला आक्षेप असा की हे कल्याण आपले कशावरून? उडुपीजवळ कल्याणपूर आहे, आणि नावाच्या साधर्म्यावरून काहींनी केरळातल्या कोल्लमचेही नाव पुढे केले आहे. या आक्षेपाचे उत्तर कॉसमसच्या यादीतच मिळते. तो उत्तरेकडून दक्षिणेकडे येतो आहे. कल्याणनंतरचे सिबोर म्हणजे आपले चौल, अरब प्रवाशांचे सैमूर, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. चौलच्या आधी आणि सौराष्ट्राच्या नंतर येणारे कल्याण उल्हास नदीवरचेच असू शकते. शिवाय ज्या वाक्यात बिशपचा उल्लेख येतो, तिथे माले आणि कल्याण ही दोन वेगळी नावे आहेत, त्यामुळे कोल्लम आपोआप बाद होते. कल्याण हे बंदर म्हणून त्याआधीही जगाला ठाऊक होते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत कल्लिएना येते. तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरूचकडे नेली जातात, असा राजकीय ताणाचा तपशीलही त्यात आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. ओंडके आणि कापड हा माल सह्याद्री आणि घाटावरचा प्रदेश पाठीशी असलेल्या बंदरातूनच जायचा. एवढे सगळे एका बाजूला असताना उडुपीचा पक्ष धरायला नावाखेरीज दुसरा आधार उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कॉसमस भारतात आला होता का, याविषयीच अनेक अभ्यासकांना शंका आहे. अरबस्तान आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडे तो गेला नसावा, असे त्यांचे मत आहे. हे मत मान्य केले तरी बिशपविषयीचे वाक्य कमकुवत होत नाही, कारण ती माहिती त्याला मिळू शकेल असा मार्ग ग्रंथातच दिसतो. कॉसमस आपल्या गुरूचे नाव देतो, पात्रिकिओस. हा गुरू खाल्डियनांच्या देशातून, एडेसाच्या थॉमस नावाच्या सोबत्यासह अलेक्झांड्रियाला आला होता, आणि आता तो साऱ्या इराणच्या चर्चचा प्रमुख झाला आहे, असे तो अभिमानाने लिहितो. हे पात्रिकिओस म्हणजेच मार आबा. ज्या लेखकाचा गुरू खुद्द इराणी चर्चच्या गादीवर बसला, त्याला त्या चर्चचा बिशप कुठे आहे हे बंदरातल्या ऐकीव गप्पांवरून गोळा करावे लागले नसणार. या एका दुव्यामुळे ग्रंथाचा काळही नक्की होतो, कारण मार आबा ५४० ते ५५२ या काळात त्या पदावर होते. भारतातल्या बिशपांचा कारभार पर्शियन आखातावरच्या रेव-अर्दशीर या महाधर्मप्रांताकडे असे, त्यामुळे कल्याणच्या बिशपच्या डोक्यावर प्रत्यक्ष हात कोणी ठेवला हा निराळा प्रश्न आहे. पण कॉसमसने ते वाक्य लिहिले त्या दिवशी कल्याणचा बिशप मार आबांच्या आधिपत्याखाली होता, एवढे ठामपणे म्हणता येते.

आता या संताकडे वळतो, कारण कल्याणपर्यंत पोहोचलेला धर्म कोणत्या मुशीतून निघाला होता हे त्यांच्या आयुष्यावरून कळते. मार आबा जन्माने झरथुष्ट्री होते, सासानी राजवटीत सरकारी अधिकारी होते, आणि त्या काळच्या अधिकाऱ्याला असावा तेवढा ताठाही त्यांच्यात होता. त्यांच्या सिरियाक चरित्रात एक प्रसंग आहे. तैग्रिस नदी ओलांडायला ते नावेत बसले असताना साध्या वेशातला एक ख्रिस्ती विद्यार्थी आत आला. आबांनी त्याला खाली उतरवले. नाव निघाली की पाणी खवळायचे, परत काठाला यावे लागायचे. त्या विद्यार्थ्याला आत घेतल्यावरच नदी शांत झाली. चरित्रकारांनी संतांविषयी असे चमत्कार सांगायचेच. पण इथे चमत्कारापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की सत्तेच्या माणसाला एका सत्ताहीन माणसासमोर नमावे लागते, आणि तिथून त्याच्या आयुष्याची दिशा बदलते. पुढे ते निसिबिसच्या विख्यात विद्यापीठात शिकले, एडेसात ग्रीक शिकले, पॅलेस्टाईन, इजिप्त आणि कॉन्स्टँटिनोपल पाहून परतले आणि निसिबिसमध्ये शिकवू लागले. ५४० मध्ये त्यांची कॅथोलिकोस, म्हणजे इराणी चर्चचे सर्वोच्च प्रमुख, म्हणून निवड झाली.

त्यांच्या हाती आलेले चर्च मोडकळीला आलेले होते. सुमारे पंधरा वर्षे एकाच गादीवर नर्सै आणि एलिशा असे दोन दावेदार होते. दोघांनीही आपापले बिशप नेमल्यामुळे कित्येक गावांत दोन-दोन बिशप एकमेकांविरुद्ध उभे होते. मार आबा राजधानीत बसून फर्माने काढत राहिले नाहीत. सोबत काही बिशप घेऊन ते गावोगाव फिरले, दोन्ही बाजूंचे ऐकले, कुठे एकाला ठेवले, कुठे दुसऱ्याला, आणि निर्णय लेखी नोंदवले. जवळच्या नात्यातले विवाह इराणी उच्चवर्गात पुण्याचे मानले जात. ख्रिस्ती घरांत ते चालणार नाहीत, असा नियम त्यांनी केला. त्यामुळे दरबारातले मोबेद, म्हणजे झरथुष्ट्री पुरोहित, चिडले. त्यातून मार आबा झरथुष्ट्री धर्म सोडून आलेले. सासानी कायद्याने हा गुन्हा देहदंडाचा होता. खुस्रो अनुशिरवानाने, ज्याला आपण न्यायी नौशेरवान म्हणून ओळखतो, त्यांना मारले नाही, पण अझरबैजानात हद्दपार केले. तिथेही लोक त्यांना शोधत येत आणि पत्रांमधून चर्चचा कारभार चालत राहिला. कित्येक वर्षांनी ते राजधानीला परतले, तरी बेड्या सुटल्या नाहीत. ५५० च्या सुमारास राजपुत्र अनोशझादने बंड केले, आणि त्याच्या मागे ख्रिस्ती प्रजा उभी राहिली असा बोभाटा झाला. तेव्हा ज्याला कैदेत टाकले होते त्याच धर्मगुरूला लोकांना शांत करायला पाठवण्याची वेळ राजावर आली. मार आबांनी ते काम केले आणि थकलेल्या शरीराने ५५२ मध्ये जगाचा निरोप घेतला.

या चरित्रातला कल्याणशी भिडणारा भाग कोणता? रोमन साम्राज्यातल्या ख्रिस्ती धर्माला चौथ्या शतकापासून राजाश्रय मिळाला, आणि पुढे युरोपात बिशप म्हणजे जमीनजुमला, सैन्य आणि राजाच्या शेजारचे आसन असे समीकरण रूढ झाले. इराणी चर्चच्या वाट्याला ते कधीच आले नाही. ५ व्या शतकाच्या आरंभी पहिल्या यज्दगर्दने त्याला मान्यता दिली, पण राजा दुसऱ्या धर्माचा, कायदा दुसऱ्या धर्माचा आणि न्यायाधीशही दुसऱ्या धर्माचे, हे कायम राहिले. अशा परिस्थितीत टिकायचे तर वाद आपसांत मिटवावे लागतात, लेखी शिस्त पाळावी लागते, शिक्षणावर भर द्यावा लागतो आणि शेजाऱ्याशी जमवून घ्यावे लागते. ही घडण घेतलेले लोक व्यापाराच्या वाटेने पूर्वेकडे आले. रेव-अर्दशीरच्या माना या बिशपने ५ व्या शतकात पर्शियन भाषेत स्तोत्रे रचून समुद्रापलीकडच्या प्रदेशांकडे आणि भारताकडे पाठवली, अशी नोंद एका जुन्या बखरीत आहे. हे साहित्य वाचणारे, गाणारे लोक इथे होते म्हणूनच ते पाठवले गेले. त्याच शतकांत उलट्या दिशेने आपले पंचतंत्र गेले. खुस्रोच्या दरबारात त्याचे पहलवी भाषांतर झाले आणि ५७० च्या सुमारास बूद नावाच्या ख्रिस्ती धर्मगुरूने ते सिरियाक भाषेत आणले. हा बूद इराण आणि भारताच्या सीमेवरच्या ख्रिस्ती मंडळींची देखरेख करत असे, असे नंतरच्या सिरियाक ग्रंथसूचीत म्हटले आहे. विष्णुशर्म्याच्या करटक आणि दमनकाला पश्चिमेकडे नेणाऱ्या हातांत एक हात या चर्चचा होता, ही गोष्ट मराठी शाळेतल्या मुलांना सांगण्याजोगी आहे.

कल्याणच्या बिशपच्या काळात आपल्या खाडीभोवती काय चालले होते, तेही पाहायला हवे. आज न्हावा-शेवा बंदराच्या समोर दिसणाऱ्या घारापुरीवर सहाव्या शतकाच्या मध्यालाच शिवाची ती प्रचंड लेणी खोदली जात होती. कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी तिथे सापडली आहेत. कान्हेरीत बौद्ध भिक्षूंचा राबता होता. तिथल्या स्तूपात मिळालेला ताम्रपट त्रैकूटक राजवटीतला, ४९४-९५ सालचा आहे. म्हणजे दोन-एक पिढ्यांच्या अंतरात, एका भरतीत होडीने ओलांडता येईल एवढ्या पाण्याभोवती, शैव शिल्पकार, बौद्ध भिक्षू आणि सिरियाक भाषेत प्रार्थना म्हणणारा ख्रिस्ती बिशप एकत्र नांदत होते. एका मोठ्या व्यापारी खाडीचा हा स्वाभाविक दिनक्रम होता, त्यात कोणाला नवल वाटत नसावे. आज त्या खाडीच्या पूर्व काठावर ऐरोली, वाशी, बेलापूर उभी आहेत, आणि त्यांतल्या रहिवाशाला घारापुरी ठाऊक असते, कान्हेरी ठाऊक असते. तिसरे नाव मात्र त्याच्या कानावर कधीच पडलेले नसते.

यावर असे म्हटले जाईल की तो परदेशी व्यापाऱ्यांचा पुरोहित होता, त्याचा आपल्या मातीशी काय संबंध? त्याच्या मंडळीत इराणी व्यापारी आणि त्यांची कुटुंबे बहुसंख्य असतील, हे मला मान्य आहे. पण बिशप आणि साधा पुरोहित यांत फरक आहे. जहाजावरच्या लोकांसाठी एक धर्मगुरू पुरतो. बिशप लागतो तो नवे धर्मगुरू घडवायला, अनेक मंडळींवर देखरेख ठेवायला आणि पिढ्यानुपिढ्यांची व्यवस्था लावायला. कॉसमस मलबारात ख्रिस्ती असल्याचे सांगतो, पण बिशप कल्याणला असल्याचे सांगतो. यावरून या किनाऱ्यावरचे महत्त्वाचे केंद्र कोणते होते ते उघड आहे. आणि परदेशातून आलेल्यांना वगळायचे ठरवले तर कोकणाच्या इतिहासात उरेल काय? पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला मिळालेल्या ९२६ सालच्या राष्ट्रकूट ताम्रपटात संयान मंडळाचा कारभारी मधुमती हा अरब आहे. त्याने लोकांसाठी नदीवर होड्या ठेवल्या, अन्नछत्र घातले, आणि एका ब्राह्मणाने देवीसाठी उभारलेल्या मठिकेला जमीन मिळवून दिली. कान्हेरीत १००९ आणि १०२१ साली पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरली. गोव्यात आगशीला २००१ मध्ये मिळालेल्या जुन्या दगडी क्रुसावरही पहलवी लिपीच आहे. इराणात ज्यांच्या मोबेदांनी मार आबांना बेड्या घातल्या, त्यांचे वंशज आणि ज्यांना त्या बेड्या सोसाव्या लागल्या त्यांचे अनुयायी, दोघेही एकच लिपी घेऊन या किनाऱ्यावर आले, आणि इथे त्यांच्यात सत्तेचे नाते उरले नाही. कोकणाने या दोघांसाठी काय केले, हे त्या दोन शिलालेखांइतके नेमके दुसरीकडे कुठे दिसत नाही.

मग ही परंपरा गेली कुठे? सातव्या शतकातच पहिला तडा गेला. कॅथोलिकोस तिसरे इशोयाब यांनी ६५० च्या सुमारास रेव-अर्दशीरच्या महाधर्मगुरूला खरमरीत पत्र लिहिले, की तुमच्या हट्टामुळे भारतातल्या लोकांना बिशप मिळेनासे झाले आहेत. इराण अरबांच्या ताब्यात गेल्यावर आखाताचे राजकारण बदलले, आणि व्यापाराचे केंद्रही दक्षिणेकडे सरकले. दक्षिणेत ही परंपरा बहरली. ८४९ सालचे कोल्लमचे ताम्रपट मारुवान सापीर ईशो याने उभारलेल्या तरीसा चर्चला करमाफी आणि वजनमापांवरचे हक्क देतात. साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी आणि हिब्रू लिपीतल्या पर्शियन अशा तीन तऱ्हांनी केलेल्या आहेत. नवव्या शतकात कोल्लमला आलेले मार सापोर आणि मार प्रोथ हे दोन बिशप केरळात संत मानले गेले, त्यांच्या नावाने चर्च उभी राहिली. इकडे उत्तर कोकणात १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन संन्यासी ठाण्याला उतरले तेव्हा गावात नेस्टोरियन, म्हणजे याच इराणी परंपरेतल्या पूर्वेकडच्या चर्चच्या, ख्रिश्चनांची पंधरा घरे होती, असे ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने लिहिले आहे. त्यांपैकीच एका घरी ते राहिले. त्या चौघांना ठाण्यात मारण्यात आले, आणि डोमिनिकन जॉर्डनसने त्यांचे देह सोपाऱ्याला पुरले. ठाण्याची ती पंधरा घरे कल्याणच्या बिशपच्या मंडळीचेच अवशेष होती, असा दावा मी करणार नाही. मधल्या सात-आठशे वर्षांत लोक येत-जात राहिले असणार. पण त्या खाडीवर पूर्वेकडच्या चर्चचे लोक चौदाव्या शतकातही राहत होते, आणि युरोपातून आलेल्यांना पहिला आसरा त्यांनीच दिला, हे नोंदलेले आहे.

या स्मृतीवर शेवटचा घाव घालणारे हात ख्रिस्तीच होते, हे ख्रिस्ती समाजानेही मोकळेपणी मान्य केले पाहिजे. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशू द मेनेझिस यांनी केरळात उदयंपेरूरला सभा घेतली, सिरियाक पुस्तके जाळायला लावली, आणि मार सापोर व मार प्रोथ हे पाखंडी असावेत या संशयावरून त्यांच्या नावांची चर्च ‘सर्व संतांना’ अर्पण करण्याचा हुकूम काढला. मलबारात निदान पुसायला नावे होती, आणि पुसूनही लोकांनी ती विसरली नाहीत. कोकणात पोर्तुगीज चर्चला पुसण्याजोगे काही आढळले नाही. त्यांनी आपली पाटी कोरी समजून लिहायला सुरुवात केली, आणि आपण आजही तीच पाटी वाचतो आहोत. धर्मप्रसार सत्तेच्या जोरावरच होतो, हे पोर्तुगीजांचे गृहीतक होते. आज त्यांचे कडवे टीकाकारही कोकणातल्या ख्रिस्ती धर्माकडे पाहताना तेच गृहीतक वापरतात, याचे मला वाईट वाटते.

इथे कॅथलिक वाचक विचारील, की हा बिशप रोमचा नव्हता, नेस्टोरियन म्हणून ज्यांना वेगळे काढले गेले त्यांचा होता. मग आम्ही त्याला आपला का म्हणावे? प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही स्पष्ट आहे. पूर्वेकडचे चर्च आणि रोम यांच्यात ख्रिस्ताच्या स्वरूपावरून पडलेली फूट पाचव्या शतकातली. ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल आणि पूर्वेकडच्या चर्चचे पेट्रिआर्क मार दिन्हा चौथे यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, आणि ख्रिस्ताविषयी आपली श्रद्धा एकच आहे हे मान्य केले. रोमशी जोडलेले खाल्डियन कॅथलिक चर्च मार आबांना संत मानते. कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या सेमिनरीला मार आबांचेच नाव आहे. त्याहून जवळची गोष्ट म्हणजे १९८८ मध्ये महाराष्ट्रातल्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला, आणि त्याला कल्याणचेच नाव देण्यात आले. २०२५ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. सिडकोने १९७० नंतर वसवलेल्या नव्या शहरात नोकरीसाठी केरळातून आलेली, वाशी-नेरूळ-पनवेलला स्थिरावलेली कित्येक कुटुंबे या धर्मप्रांतात मोडतात. त्यांची उपासना मार आबांच्या पूर्व-सिरियाक परंपरेतून आलेली आहे. म्हणजे ज्याला आपण सहाव्या शतकानंतर हरवलेले समजतो ते पद, निराळ्या मार्गाने आणि निराळ्या माणसांसह, पुन्हा कल्याणच्या नावाने उभे आहे.

सर्वांत अवघड आक्षेप राजकीय आहे. आज अशा गोष्टी ‘आम्ही आधी आलो’ हे सांगण्यासाठी वापरल्या जातात, मग आगीत तेल कशाला ओतायचे? माझे उत्तर असे की वसईच्या सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती समाजाला, मुंबई-ठाण्याच्या ईस्ट इंडियनांना किंवा नेरूळच्या मल्याळी कुटुंबाला इथे राहण्यासाठी प्राचीनतेच्या दाखल्याची गरज नाही. तो हक्क संविधानाने दिला आहे आणि त्यांच्या कष्टांनी तो मिळवलेला आहे. सामवेदी, वाडवळ किंवा ईस्ट इंडियन समाजाचे पूर्वज बहुतांशी पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले, हे कल्याणच्या बिशपमुळे बदलत नाही. १५६० ते १८१२ पर्यंत गोव्यात चाललेल्या इन्क्विझिशनच्या क्रौर्यावरही त्याने पांघरूण पडत नाही, पडू देऊ नये. त्याचे महत्त्व वेगळे आहे. एखादा धर्म शस्त्राशिवाय, राजाशिवाय, व्यापाराच्या आणि विद्येच्या वाटेने आपल्या किनाऱ्यावर आला आणि शतकानुशतके राहिला, हे घडलेले आहे. जबरदस्तीची शतके सांगताना ही शतके गाळणे म्हणजे इतिहास काटेकोरपणे सांगणे नव्हे, तो अर्धवट सांगणे आहे. आणि ज्या लोकांनी त्या पाहुण्यांना जागा दिली ते आपलेच पूर्वज होते. त्यांचे श्रेय त्यांना न देण्याचे कारण मला दिसत नाही.

काय करता येईल, ते फार खर्चिक नाही. ठाणे आणि नवी मुंबईच्या महापालिका खाडीच्या इतिहासावर जे फलक, पुस्तिका, दालने उभारतील त्यांत घारापुरी आणि कान्हेरीच्या शेजारी कल्याणच्या बिशपची, कॉसमसची आणि मार आबांची नोंद असावी. इतिहासाच्या शिक्षकांनी सातवाहनकालीन बंदरे शिकवताना पुढच्या पाचशे वर्षांचा धागा तोडू नये. मराठीत कॉसमसच्या भारतविषयक प्रकरणांचे आणि मार आबांच्या सिरियाक चरित्राचे सटीप भाषांतर व्हावे. आपल्या विद्यापीठांत हे काम करू शकणारी माणसे आहेत, त्यांना काम सांगणारे कोणी हवे. आणि सर्वांत निकडीची गोष्ट जमिनीखालची. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा ‘बुरूड राजाचा कोट’ खणला म्हणून तिथला स्तूप आणि त्यातले करंडक हाती आले; तोवर ते गावकऱ्यांच्या लेखी एक टेकाड होते. जुने कल्याण आज दाट वस्तीखाली आहे आणि तिथले वाडे एकामागोमाग पुनर्विकासाला जात आहेत. खाडीकाठच्या जुन्या भागात खोल पाया खणला जाईल तेव्हा पुरातत्त्व विभागाचा माणूस तिथे हजर असेल, निघालेली खापरे, नाणी आणि कोरीव दगड भरावात जाण्याआधी तपासले जातील, अशी अट बांधकाम परवान्यातच घालायला हवी. इमारत उभी राहिल्यावर ती घालून उपयोग नाही.